‘डायल्यूट’ म्हणजे ‘सौम्य’ नव्हे

‘कायदा डायल्यूट केला’ हे वाक्य आता मराठी बोलण्यात रुळले आहे. लिहिताना मात्र आपण सहज ‘सौम्य केला’ असे लिहितो. हा पर्याय चुकीचा आहे आणि त्याने मूळ मुद्दाच हरवतो, असे माझे मत आहे.

शालेय रसायनशास्त्राच्या मराठी परिभाषेत हा गोंधळ नाही. तिथे ‘विरल आम्ल’ वेगळे, ‘सौम्य आम्ल’ वेगळे. सौम्यपणा हा आम्लाचा अंगचा गुण. ॲसिटिक आम्ल संहत असले तरी सौम्यच. विरलपणा बाहेरून येतो. हायड्रोक्लोरिक आम्लात पाणी मिसळले तरी भांड्यातले आम्ल तेवढेच राहते, प्रमाण घटते. कंपनीने नवे शेअर काढले की जुन्या भागधारकाचा हिस्सा ‘डायल्यूट’ होतो. त्याचे शेअर तेवढेच, एकूण संख्या वाढलेली. म्हणजे काहीही काढून न घेता, भर घालून कमकुवत करणे, हा या शब्दाचा नेमका अर्थ.

ही कसोटी १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याला लावून पाहू. ‘सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याने कायद्यातले एकही कलम खोडले नाही, शिक्षा घटवली नाही. अटकेपूर्वी वरिष्ठांची मंजुरी आणि गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची वाट, अशी भर पडली. इथे ‘डायल्यूट’ चपखल बसतो. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून हे पाणी उपसले आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयानेही या दोन्ही अटी मागे घेतल्या.

याउलट, माहिती अधिकार कायद्यातून २०१९ साली माहिती आयुक्तांची पाच वर्षांची निश्चित मुदत काढली गेली. तिथे भर नाही, वजाबाकी आहे. त्याला ‘कमकुवत करणे’ म्हणावे.

‘सौम्य’ हा तर आपल्याकडे कौतुकाचा शब्द : सौम्य स्वभाव, सौम्य भाषा. ज्याची तक्रार ठाण्याच्या दारात अडते, त्याच्या वाट्याला कसली सौम्यता? कायदा ‘सौम्य केला’ असे लिहिणारा नकळत निकालाची बाजू घेतो. ‘कायद्यात पाणी घातले’ असे लिहिले, की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : कोणी घातले, आणि किती?