टपालाचे खण आणि त्यांची मालकी

बहुतेक शिक्षकांकडे आज किमान दोन ई-मेल खाती असतात, एक शाळेचे आणि एक घरचे. ही खाती एकाच खिडकीतून पाहता यावीत म्हणून मेल प्रोग्राम वापरतात. त्यांपैकी मोझिला परिवारातला थंडरबर्ड विनामूल्य आहे. त्याची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. शाळांना तो सहज परवडतो, म्हणून पत्रे लावून ठेवण्याचे काम तो कसे करतो हे तपासणे योग्य ठरेल.

आधी एक साधा प्रश्न विचारू. फोल्डर असतो कुठे? पडद्यावर सगळे फोल्डर एकाखाली एक दिसतात, त्यामुळे ते आपल्याच संगणकात आहेत असे वाटते. मात्र मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेल्या आयमॅप या पद्धतीत मूळ पत्रे आणि फोल्डर सर्व्हरवर राहतात. म्हणूनच ते फोनवरही दिसतात. याउलट 'लोकल फोल्डर्स'मध्ये ठेवलेले पत्र फक्त त्या एका संगणकात असते. पत्र एका खात्यातून ओढून दुसऱ्या खात्यात टाकले, तर त्याची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर चढते आणि पहिल्या जागेवरून ते काढले जाते. म्हणजे विद्यार्थ्याच्या माहितीचे पत्र क्षणात शाळेच्या ताब्यातून आपल्या खासगी खात्यात जाते! थंडरबर्ड हे दोन्ही प्रकारचे फोल्डर एकाच यादीत, जवळजवळ सारखेच दाखवतो. हा त्याचा आम्हाला वाटणारा सर्वांत मोठा दोष.

सर्व खात्यांचे इनबॉक्स एकत्र दाखवण्याची सोय मात्र चांगली आहे. गणिताच्या भाषेत हा संचांचा संयोग आहे. मूळ संच जागच्या जागी राहतात, आपल्याला फक्त एकत्रित यादी दिसते. पण आपण स्वतः केलेले फोल्डर असे एकत्र येत नाहीत. दोन खात्यांत 'परीक्षा' नावाचे फोल्डर असतील, तर ते वेगळेच राहतात. त्यासाठी 'सेव्ह्ड सर्च' हा उपाय आहे. आपण अट सांगायची आणि त्या अटीत बसणारी पत्रे सर्व खात्यांतून गोळा होऊन दिसतात. मात्र तिथे पत्र पुसले की मूळ पत्रच पुसले जाते, हे विसरू नये.

दुसरी अडचण प्रोग्रामची नाही, वर्गीकरणाची आहे. विज्ञान प्रदर्शनाच्या खर्चाचे पत्र 'प्रदर्शन'मध्ये ठेवायचे की 'हिशेबा'त? ग्रंथपालांना हा प्रश्न फार जुना. एका विषयाला अनेक पैलू असतात हे ओळखून रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडले. २००४ मध्ये आलेल्या जीमेलने फोल्डरऐवजी लेबले दिली. एका पत्राला हवी तितकी लेबले लावता येतात. गंमत अशी, की थंडरबर्डमध्ये ही लेबले फोल्डर म्हणून उतरतात आणि एकच पत्र तीन-चार ठिकाणी दिसते. नवख्या माणसाला त्या तीन-चार प्रती वाटतात.

मग इतके खण करावेतच का? आयबीएममधील संशोधकांनी २०११ मध्ये ३४५ जणांच्या पत्रे शोधण्याच्या सवयी अभ्यासल्या. फोल्डर लावणाऱ्यांना पत्रे अधिक हमखास सापडतात असे दिसले नाही, उलट शब्दाने शोधणे जलद ठरले. यावरून काही जण फोल्डर निरुपयोगी ठरवतात. आम्हाला ते पटत नाही. शोध घेतल्याने पत्र सापडते, पण ते कोणाचे आहे आणि कोणाकडे राहायला हवे, हे ठरत नाही. बदली किंवा निवृत्तीनंतर शाळेचे खाते बंद होते, तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो.

म्हणून आमचे मत असे. थंडरबर्ड जरूर वापरावा. विषयवार खण मोजकेच ठेवावेत, बाकीचे काम शोधावर सोडावे. पण शाळेचे पत्र शाळेच्या खात्यात आणि घरचे घरच्या, ही एक सीमा कटाक्षाने पाळावी. ती सांभाळणे अजून तरी वापरणाऱ्याच्याच हाती आहे.