आपत्तीची परिभाषा : काही आक्षेप

कायदा करून शब्द पुसता येतो, हे महाराष्ट्राने १९६३ साली दाखवून दिले. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकावा आणि त्याच्या जागी 'स्कॅर्सिटी' हा शब्द घालावा, एवढ्यासाठी त्या वर्षी एक स्वतंत्र कायदा झाला. कारण असे दिले गेले की, पीकपाण्यावर शासनाची सतत नजर असते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजले जातात, तेव्हा दुष्काळाला आता वावच उरलेला नाही. मराठी कारभारात 'दुष्काळ' मागे पडला आणि 'टंचाई' रूढ झाली. नऊच वर्षांनी १९७२ उजाडले. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे खडी फोडत, नालाबांध घालत, रस्त्यांवर माती टाकत होती. कागदावर मात्र तीही टंचाईच होती.

या कामांनी पुष्कळ जीव वाचवले, हे नाकारण्याचे कारण नाही. रोजगार हमीचा कायदा याच अनुभवातून पुढे आला. प्रश्न वेगळा आहे. खडी फोडणारा माणूस स्वतःच्या स्थितीला 'दुकाळ' म्हणत होता आणि त्याचे नाव हजेरीपटावर लिहिणारा तिला 'टंचाई' म्हणत होता. या दोन शब्दांमधले अंतर भाषेचे नाही, सत्तेचे आहे. दुष्काळ म्हटले की जबाबदारी येते. टंचाई म्हटले की फक्त उपाययोजना येते. पुढे 'दुष्काळसदृश परिस्थिती' असाही शब्द निघाला आणि तो बदलून 'दुष्काळ' म्हणवून घेण्यासाठी २०१६ साली उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ज्या राज्यात एका शब्दासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, तिथे आपत्तीची परिभाषा हा केवळ तज्ज्ञांचा विषय राहत नाही. तो साहित्याचा आणि चळवळीचाही विषय होतो.

आज ही परिभाषा बरीच वाढली आहे. 'धोका', 'जोखीम', 'असुरक्षित घटक', 'पूर्वसूचना', 'सुरक्षित निवारा', 'आपत्कालीन संच', 'क्षमताबांधणी', 'पुनर्वसन' हे शब्द पुस्तिकांतून, शिबिरांतून, शाळेच्या भिंतींवरून आपल्यापर्यंत येतात. त्यांच्यामागचे विज्ञान खोटे नाही. भूकंप जात पाहत नाही आणि पुराचे पाणी कुणाला विचारून घरात शिरत नाही, हेही खरे. परंतु या वाक्यावर थांबणारा माणूस अर्धेच सत्य सांगतो. पाणी विचारून शिरत नाही. पण पाण्याच्या वाटेत कुणाचे घर असावे, हे गावाने फार पूर्वी ठरवून ठेवलेले असते.

मूळ व्याख्येपासूनच सुरुवात करू. आपत्ती व्यवस्थापनाचा केंद्रीय कायदा २००५ सालचा. बाधित क्षेत्रातल्या समाजाच्या तोंड देण्याच्या शक्तीपलीकडची जी हानी, ती आपत्ती, असा त्या व्याख्येचा गाभा आहे. वरवर पाहता ती निर्दोष वाटते. पण यातला 'समाज' कोणता? व्याख्या असे धरून चालते की एका गावात एकच समाज राहतो, त्याची एक शक्ती असते आणि ती एकाच वेळी संपते. गावगाड्याची ही गोडगोड कल्पना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतच नाकारली होती. ज्या पावसात पाटलाच्या वाड्याची कौले हलतात, त्याच पावसात वस्तीतली भिंत बसते. मग आपत्ती आली असे कधी म्हणायचे? वाड्याची शक्ती संपल्यावर, की वस्तीची?

याच कायद्याच्या ६१ व्या कलमात नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करू नये असे म्हटले आहे. हे कलम मोलाचे आहे आणि कार्यकर्त्यांनी ते पाठ करून ठेवावे. परंतु जातीचा उच्चार इथे वाटपाच्या वेळी होतो. पूर्वतयारीच्या वेळी, नकाशा काढताना, यादी करताना, निवारा कुठल्या आळीत असावा हे ठरवताना तो होत नाही. घर वाहून गेल्यावर जात विचारू नका, एवढे कायदा सांगतो. घर ओढ्याच्या काठाला का होते, हे मात्र तो विचारत नाही.

मागे एका तालुक्याच्या गावी शिक्षकांसाठी आणि गावकऱ्यांसाठी असे शिबिर होते. मी शिक्षक म्हणून गेलो होतो. प्रशिक्षक मनापासून शिकवत होते. आपत्कालीन पिशवी कशी भरावी ते त्यांनी फळ्यावर लिहिले : तीन दिवस पुरेल एवढे पाणी, कोरडा शिधा, बॅटरी, शिट्टी, औषधे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत शिधापत्रिका, सातबारा, बँकेचे पुस्तक. वस्तीतल्या एक बाई उठून म्हणाल्या, "गुरुजी, आमी रोजचं रोज आनतो. संध्याकाळी हजरी मिळाली की तेल-मीठ येतं. तीन दिसाचं बाजूला काढून ठेवायचं म्हंजी तीन दिस उपाशी ऱ्हायाचं का?" लोक हसले. प्रशिक्षकही हसले, पण त्यांना उत्तर देता आले नाही. मला देता आले असते असेही नाही. फळ्यावरची यादी पाहताना ध्यानात आले की तिच्यात एक गृहस्थ दडला आहे. त्याच्या घरात साठवणीचा डबा आहे, त्याच्या नावावर जमीन आहे आणि तो राहतो ते घर गावठाणाच्या नोंदीत आहे. ज्याच्याकडे यातले काहीच नाही त्याला ही परिभाषा 'असुरक्षित घटक' म्हणते. जणू असुरक्षितता हा त्याच्या अंगचा गुण आहे. त्याला असुरक्षित कुणी ठेवले, हा प्रश्न त्या शब्दात बसत नाही.

'पुनर्वसन' या शब्दाचेही तसेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. सुमारे ८ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी तिकडची चांगली घरे. तीच माणसांवर कोसळली. कुडाच्या आणि पत्र्याच्या हलक्या घरांत तुलनेने जीव वाचले. निसर्गाने एका रात्रीपुरता गावाचा क्रम उलटा केला, असे कुणी म्हणेल. पण पुनर्वसनाने तो पुन्हा सुलटा केला. स्थलांतरित गावांत घरांचे आकार जमिनीच्या मालकीवरून ठरले. भूमिहीनाला आणि अगदी थोडी जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, मोठ्या जमीनधारकाला ७५० चौरस फूट. घरात माणसे किती, हा निकष नव्हता. आधी जसे होते तसे परत वसवणे हाच पुनर्वसनाचा अर्थ असेल, तर विषमताही त्यात प्रामाणिकपणे परत वसवली गेली. आम्हाला 'पुन्हा' वसायचे नाही, 'नव्याने' वसायचे आहे. हा फरक त्या शब्दात कुठे आहे?

'सुरक्षित निवारा' पाहा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या नागपट्टिनम भागात दलितांना मदतछावण्यांतून वेगळे काढल्याच्या, पाणी आणि अन्न घेताना हटकल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या. त्याच वेळी किनाऱ्यावरची प्रेते उचलण्यासाठी मात्र सफाई कामगार आणले गेले, आणि ते कोणत्या समाजाचे होते हे सांगण्याची गरज नाही. ज्यांना छावणीत जागा नव्हती त्यांनाच प्रेतांजवळ जागा होती. सूचनापुस्तिका सांगते, 'तात्काळ जवळच्या निवाऱ्यात जा.' न जाणाऱ्याला ती 'जनजागृतीचा अभाव' म्हणते. पण वस्तीतला माणूस निवाऱ्याकडे निघण्याआधी मनाशी एक हिशेब करतो : तिथे माझ्या बायकोला हंड्याला हात लावू देतील का? हा हिशेब अडाण्याचा नाही. पिढ्यांच्या अनुभवाचा आहे.

'पूर्वसूचना' हा शब्द तर आमच्याच घरातला. हवामान खात्याच्या पुष्कळ आधी गावाला पूर्वसूचना कोण देत होते? तराळ, येसकर, महार. दवंडी त्याने द्यायची, रात्री गस्त त्याने घालायची, मयताचा निरोप परगावी त्याने न्यायचा, ऊन असो की पूर असो. शंकरराव खरातांचे वडील तराळकी करत होते आणि 'तराळ-अंतराळ' हे नावच त्या राबणुकीची साक्ष देते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते या बिनमोल राबणुकीविरुद्धच. गावाला सावध करणारा माणूस स्वतः गावकुसाबाहेर, उताराला राहत होता. त्याला सावध कोण करणार, याची गावाने कधी चिंता केली नाही. आजही यादीत नाव असणे म्हणजे सूचना मिळणे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्या आदिवासी वाडीचे नाव संभाव्य दरडग्रस्त गावांच्या यादीत नव्हते. डोंगराला यादी वाचता येत नाही.

आणि 'सामाजिक अंतर'! २०२० साली करोनाच्या साथीत हे शब्द भिंतीभिंतीवर रंगवले गेले. रोगापासून दूर राहायचे तर दोन शरीरांत अंतर हवे. 'शारीरिक अंतर' म्हणणे अधिक बरोबर, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही त्या मार्च महिन्यात सांगितले. तरी आपल्याकडे 'सामाजिक अंतर' टिकले. या देशात ते शब्द नवे नव्हते, इतकेच. सोवळ्याओवळ्यात म्हणे विज्ञान होते, असे सांगणारेही त्या दिवसांत भेटले. त्यांना एकच आठवण द्यावीशी वाटते. १८९७ च्या प्लेगात पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणल्याचे सांगितले जाते. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. अंतर कुठे ठेवायचे आणि कुठे तोडायचे, हे त्यांना कुठल्याही परिभाषेपेक्षा नीट कळत होते.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. या सगळ्या परिभाषेचा पाया 'तगणे' हा आहे. जीव वाचला की काम झाले. तगण्याचे शास्त्र आमच्याइतके कुणाला येत होते? चान्या हा दलित घरातला आपत्कालीन शिधाच होता. मेल्या जनावराचे मांस पट्ट्या काढून वाळवायचे, दोरीवर टांगायचे आणि वाईट दिवसांसाठी जपून ठेवायचे. दलित आत्मकथनांत भूक झाकण्याच्या, पाणी मिळवण्याच्या, पोरे जगवण्याच्या अशा किती युक्त्या आहेत. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये आहेत, बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मधल्या बाळंतिणींच्या उपासमारीत आहेत. समीक्षकांनी त्यांना 'दाहक वास्तव' म्हणून वाखाणले आणि पुढचे पान उलटले. वास्तविक ते तगण्याचे दफ्तर आहे.

पण मार्च १९२७ मध्ये महाडला काय झाले? बाबासाहेबांनी सांगितले की मेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांचा लोभ सोडा. आपत्कालीन शिधाच सोडा असे ते सांगत होते, तेही ज्यांच्या घरी दुसरा शिधा नव्हता त्यांना! तगण्याच्या शास्त्रात हा सल्ला वेडेपणाचा ठरेल. लोकांनी तो ऐकला. गावोगाव जनावरे ओढणे बंद झाले, बहिष्कार पडले, चुली विझल्या, तरी ऐकला. २० मार्चला ते चवदार तळ्यावर गेले, तेव्हा केवळ तहान भागवायला गेले नव्हते. तहान भागवण्याच्या लाचार वाटा त्यांना माहीत होत्या. त्यांना जगायचे होते, तगायचे नव्हते. आपत्तीच्या परिभाषेत या दोन क्रियापदांमधला फरक नाही, हीच तिची सर्वांत मोठी उणीव आहे.

यावर कुणी म्हणेल, पूर आल्यावर शब्दांचा कीस कसला काढता? आधी जीव वाचवा. आक्षेप रास्त आहे आणि आमचे उत्तरही साधे आहे. पूर आल्यावर नव्हे, पूर येण्याआधीच हे बोलायचे आहे. पूर्वतयारी म्हणतात ती हीच. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर काढतात; २५ वर्षांतून एकदा येणारे पाणी कुठवर, १०० वर्षांतून एकदा येणारे कुठवर, ते त्यावरून कळते. त्याच नकाशावर वस्तीची सीमा काढा. दोन्ही रेषा कुठे मिळतात ते गावसभेत मोठ्याने वाचा. निवाऱ्याची चावी कुणाकडे आहे ते लिहा. पंचनाम्यात ज्याची जमीन नाही, पण मजुरी बुडाली, त्याचा रकाना मागा. प्रेते उचलणाऱ्याला हातमोजे, लस आणि विमा कोण देणार ते आधी ठरवून घ्या.

आणि विद्यार्थी मित्रांना एक विनंती. आपापल्या वस्तीतल्या वडीलधाऱ्यांकडे बसा. दुकाळ, पटकी, पूर, आग यांत त्यांनी काय केले, त्याला ते काय म्हणत, कुणी दार उघडले आणि कुणी लावले, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. असा कोश झाला तर शिबिरातल्या त्या बाईंच्या प्रश्नाला कुणी हसणार नाही. फळ्यावरची यादी पुसून नवी लिहिताना तिची पहिली ओळ त्या बाईच सांगतील.