बदकाची सबब

इस्लाममधल्या वैराग्यावर काही वाचायला घेतलं की बहुतेक वेळा 'पैसा वाईट, प्रार्थना चांगली' एवढाच हिशोब हाती लागतो. पण इस्लाम संन्यास घ्यायला सांगत नाही. व्यापार चालतो, कमाई चालते, ठरावीक मर्यादेपुढच्या बचतीवर वर्षाला २.५ टक्के जकात द्यायची असते. मग सोडायचं नेमकं काय?

मला पटलेलं उत्तर बाराव्या शतकातल्या एका फारसी काव्यात आहे: निशापूरच्या फरीदुद्दीन अत्तारचं 'मंतिक-उत-तैर'. आपल्याकडे आडनाव म्हणून भेटणारा 'अत्तार' हा शब्द मुळात धंद्याचा, औषधं आणि सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याचा. म्हणजे हा कवी बाजारातला माणूस.

गोष्ट अशी. पक्ष्यांना आपल्या राजाकडे, सीमुर्गकडे जायचंय. पुढारी आहे हुदहुद, कुराणात सुलेमानाला बातमी आणून देणारा पक्षी. निघायची वेळ आली की एकेक जण सबब सांगू लागतो. तित्तराला रत्नं सोडवत नाहीत, घुबडाला पडक्या वाड्यातला खजिना. इथवर अपेक्षितच. पण बदक म्हणतं, मी कायम पाण्यात, माझ्याइतकं शुद्ध कोण? मोराला राजा नकोच, स्वर्गात परत जागा मिळाली की झालं. अत्तारने सोवळेपणा आणि स्वर्ग हे दोन्ही खजिन्याच्याच रांगेत बसवलेत. वस्तूत दोष नाही. तिच्यापाशी आपण थांबतो, तिथे आसक्ती सुरू होते.

मला सगळ्यात झोंबला तो ससाणा. राजाच्या हातावर बसायला मिळतं म्हणून डोळे झाकणारी टोपीसुद्धा तो मानाची समजतो. आयटीत काम करणाऱ्या माणसाला इथे गळ्यातलं आयडी कार्ड आठवणारच.

एका जागी मात्र मी अत्तारशी भांडतो. चिमणी म्हणते, माझ्या अंगात ताकद नाही, एवढा पल्ला झेपणार नाही. हुदहुद तिला ढोंगी ठरवतो. ससाण्याचा माज आणि चिमणीची भीती, दोन्हींना एकच माप. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला 'सोड' म्हणणं ठीक. पण जिच्याकडे फक्त जीव आहे, तिने तो जपला तर तीही आसक्तीच?

शेवटी फक्त तीस पक्षी पोचतात. फारसीत 'सी मुर्ग' म्हणजे तीस पक्षी, आणि समोर त्यांना स्वतःच दिसतात. शब्दावरची ही कोटी अख्खं काव्य पेलते. पण वाटेत मेलेल्या असंख्य पक्ष्यांवर अत्तार फार रेंगाळत नाही. हे काव्य जरूर वाचा, आपली सबब कोणत्या पक्ष्याच्या तोंडी आहे तेही शोधा. फक्त त्या तिसांत चिमणी होती का, हे विचारायला विसरू नका.