उतारा आणि जमीन

१८९० साली बडोद्यास स्थापन झालेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले. त्यांच्या काळी संकलन म्हणजे फीत कापून जोडणे. जोड हातात धरून पाहता येई. आज संगणकावरील संकलनात काहीच कापले जात नाही. संकलनाच्या फाइलीत चित्रे नसतात. कोणते चित्र कोठून कोठवर घ्यावे याची केवळ नोंद असते. वकिली भाषेत, सातबाराचा उतारा म्हणजे जमीन नव्हे. मूळ चित्रण जागेवरून हलले की उतारा हाती उरतो आणि जमीन सापडत नाही.

येथील एका देवस्थानाच्या कीर्तनाचा पट एका प्रणालीतून दुसरीत नेला गेला. दोन्ही प्रती आम्ही पाहिल्या. एक्सएमएल फाइलीने दृश्यांचे छेद बिनचूक पोहोचविले. परंतु अभंगांची अक्षरे गळाली, आवाजावरील संस्कार पुसले गेले आणि बुवांचा स्वर झांजांखाली दबला. क्रम राहिला, रस गेला!

हा दोष एकट्या कारागिराचा नव्हे. २०११ साली आलेल्या फायनल कट प्रो एक्सला त्याच्याच पूर्वावृत्तीतील कामे उघडता येत नव्हती. उलट ईडीएल ही जुनी संकलन-यादी, केवळ छेद व वेळा सांगणारी असली तरी, साध्या अक्षरांत असल्याने आजही वाचता येते.

म्हणून देवस्थानांनी पूर्ण पटावर संतुष्ट न राहता मूळ चित्रण, वेगळा ध्वनी आणि अशी यादी मागून घ्यावी. पुढच्या पिढीला बुवांचा स्वर पुन्हा वर काढता यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.