कथेतील रेघा आणि टिंबे

विरामचिन्हांचा विचार व्याकरणाच्या शेवटच्या पाठात उरकून टाकावयाचा, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. पूर्णविराम व स्वल्पविराम यांपुरती ती फारशी बाधत नाही. परंतु संयोगचिन्ह, अपसारणचिन्ह आणि लोपचिन्ह ही तीन चिन्हे कथेत पात्राचा आवाज वाचकापर्यंत पोहोचवितात. त्यांची गल्लत झाली तर अर्थच पालटतो. म्हणून हा प्रश्न केवळ मुद्रितशोधकाचा नसून समीक्षेचाही आहे, असे आम्ही मानतो.

ही चिन्हे आपल्या भाषेत उपजलेली नव्हेत. पोथ्यांत एक वा दोन दंड असत. मोडी लेखनात तर शब्दही सुटे लिहीत नसत. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली आणि इंग्रजी वळणाची चिन्हे मराठीत रुजू लागली. चिन्हे उसनी आली, तरी वाक्यरचना आपलीच राहिली, हे मात्र लेखक विसरतात. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या अखेरीस येते. ‘मी त्याला कालच...’ एवढ्यावर वाक्य सोडले की माणसे कळतात, पण कृती झाकली जाते. पाहिले, मारले, की क्षमा केली? इंग्रजी वाक्यात तोवर क्रियापद बहुधा उच्चारून झालेले असते. आपले लोपचिन्ह असे अधिक समर्थ आहे, आणि म्हणूनच ते जपून वापरले पाहिजे. झाकलेला शब्द संदर्भाने ओळखता येत असेल, किंवा तो अनिश्चित राहण्यातच प्रसंगाचे मर्म असेल, तरच टिंबे सार्थ होत. ‘तिचे डोळे भरून आले...’ येथे वाक्य पुरे झाले आहे. लोपलेले असे काहीच नाही. ती टिंबे पात्राचे मौन सांगत नाहीत, लेखकाचा उसासा तेवढा सांगतात.

‘मी त्याला कालच—’ असे लिहिले की चित्र बदलते. टिंबांत बोलणारा स्वतः थबकतो. रेघेत त्याला कोणी तरी तोडते. तेव्हा रेघेनंतर तोडणारे कारण दिसलेच पाहिजे : दुसऱ्याचा शब्द, दारावरची थाप, अथवा मनात अकस्मात उठलेला दुसरा विचार. ‘म-म-मी’ यातील आखूड रेघ मात्र संयोगचिन्हाची. ती तोडीत नाही. अडखळलेली अक्षरे एका शब्दात बांधून ठेवते. ‘पाच-सहा दिवस’ यातही तिचे काम जोडण्याचेच. ‘मीठभाकर’, ‘हळूहळू’ हे शब्द तर आधीच एकजीव झालेले आहेत. त्यांत ती घालणे व्यर्थ. आज कळफलकावर हीच आखूड रेघ सहज हाती लागते, आणि जोडणे व तोडणे ही परस्परविरुद्ध कामे तिच्याच माथी मारली जातात.

या बाबतीत दिवाकरांच्या नाट्यछटा अभ्यसनीय आहेत. तेथे एकच पात्र बोलते. इतरांचे बोलणे त्याच्या उत्तरांवरून ओळखावयाचे असते. दोन वाक्यांमधील खंड हाच दुसऱ्याचा संवाद ठरतो. त्यामुळे खंडाची खूण तेथे शब्दाइतकीच मोलाची होते. ‘पंत मेले—राव चढले’ या शीर्षकाकडेच पाहावे. रेघेच्या जागी ‘आणि’ घातले तर नुसती बातमी उरेल. ‘म्हणून’ घातले तर कार्यकारणाचा खुलासा होऊन उपरोध मावळेल. रेघ दोन घटना शेजारी ठेवते आणि निवाडा वाचकावर सोपविते.

इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी वाढणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कानांवर घराबाहेर मराठी संभाषण बेताचेच पडते. बोलण्याची लय त्यांना बव्हंशी छापील पानावरून उचलावी लागते. ते पानच बेसूर असेल, तर त्यांनी सूर कोठून आणावा? म्हणून शिक्षकांनी कथा मोठ्याने वाचावी आणि प्रत्येक रेघेशी, प्रत्येक टिंबांशी एकच प्रश्न विचारावा : येथे कोण थांबले, आणि का? ज्या चिन्हापाशी उत्तर मिळत नाही, ते खुशाल खोडावे.