बॉल पायथनचा एक घास

बॉल पायथन या पाळल्या जाणाऱ्या सापाच्या अंगावरची तपकिरी-काळी नक्षी कुणालाही भुरळ घालते. मला मात्र तो पाहावा तर जेवताना, असं वाटतं.

दिवे मालवल्यावर लपायच्या जागेतून फक्त डोकं बाहेर येतं. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून लांब चिमट्याने पुढे धरलेला असतो. जीभ हवा चाखते, ओठांवरच्या बारीक खळग्या ऊब टिपतात. मान आखडते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत झडप पडते. भक्ष्य निर्जीवच असतं, तरी वेटोळी आवळली जातात. मग शांतता. पकड सैल होते आणि उंदराचं डोकं शोधलं जातं. तिथून गिळलं, की पाय आणि केस आपसूक मागे मिटतात. जबडा निखळतो हा गैरसमज आहे. खालच्या जबड्याच्या दोन बाजू पुढे लवचीक बंधाने जोडलेल्या असतात. विहिरीचा दोर ओढताना हात आळीपाळीने पुढे जावेत, तशी दातांची एकेक बाजू भक्ष्यावर सरकते. तोंड गच्च भरलेलं असतानाही श्वासनलिकेचं टोक पुढे येऊन श्वास चालू ठेवतं. शेवटी दोन-तीन जांभया, आणि जबडा पूर्ववत.

पण घास इथे निम्माच झाला. उरलेला, साप ज्या पेटीत पाळला जातो, त्या पेटीने पचवायचा असतो. घाना, टोगो, बेनिनच्या गवताळ प्रदेशात हा साप उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो. चांगली पेटी त्या बिळाची आठवण ठेवते. एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २५ ते २७. दोन्हीकडे अंगाला घट्ट बसणारा आडोसा, साठ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, ताजं पाणी, आणि उष्णतेवर थर्मोस्टॅटचा अंकुश. ऊब हवी म्हणून उघड्यावर यावं लागू नये, हे या रचनेचं मर्म. ऊब कमी पडली तर पचन अडतं, घास उलटूनही पडतो. हाताळल्यानेही तसंच होऊ शकतं; म्हणून जेवणानंतर दोन दिवस त्याला उचलूही नये.

उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा पुरे. प्रौढाला दोन ते चार आठवड्यांनी एक. धडधाकट प्रौढ कधी महिनोन्‌महिने तोंड फिरवतो. तेव्हा तापमान, आर्द्रता, आडोसा तपासावा, वजन नोंदवत राहावं. ते टिकून असेल तर धीर धरावा, घसरू लागलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार पशुवैद्य गाठावा. जबरदस्तीने भरवण्यात जिव्हाळा नाही; त्याचा नकार वाचता येणं, हीच पाळणाऱ्याची खरी रसिकता.