रेषा, अक्षर आणि उन्हाळी वर्ग : चित्रकला व लेखन यांच्या संयुक्त अध्यापनाची चिकित्सा

नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या रामटेकच्या टेकडीशी ‘मेघदूता’तील रामगिरीचे नाते जोडले जाते. म. म. वा. वि. मिराशी यांनी हे मत साधार मांडले. या काव्याच्या उत्तरभागात विरही यक्ष गेरूसारख्या धातुरंगांनी शिळेवर प्रियेचे चित्र काढतो. तिच्या पायांशी स्वतःला रेखाटावे असे त्याच्या मनात येते, पण डोळे भरून आल्याने त्याला काही दिसेनासे होते. चित्र काढण्याच्या या कृतीसाठी कालिदासाने योजलेले क्रियापद ‘लिहिणे’ याच कुळातील आहे. उषेला स्वप्नात दिसलेला अनिरुद्ध ओळखता यावा म्हणून एकेका राजपुत्राचे चित्र काढून दाखविणाऱ्या सखीचे नावही चित्रलेखा असेच आहे. ओरखडा उमटविणे हा ‘लिख्’चा मूळ अर्थ ध्यानात घेतला, तर चितारणे आणि लिहिणे या कृती फार उशिरा एकमेकींपासून दूर झाल्या, हे लक्षात येते. मराठीतील ‘आलेख’, ‘रेखणे’, ‘आखणी’ हे शब्द त्या जुन्या शेजाराची खूण अजून बाळगून आहेत.

महाविद्यालयीन व्यवस्थेने मात्र हा शेजार पूर्णपणे मोडला आहे. ‘कला शाखा’ या शब्दप्रयोगातील कला म्हणजे भाषा, इतिहास, अर्थशास्त्र व समाजशास्त्र. तेथे कोणी पेन्सिल हाती घेत नाही. प्रत्यक्ष चित्रे काढली जातात ती चित्रकला महाविद्यालयात, आणि ते १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कला संचालनालयाच्या कक्षेत येते. कला शाखेची महाविद्यालये उच्च शिक्षण संचालनालयाच्या. नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आणि भाषा शिकविणारी जुनी महाविद्यालये एकाच शहरात, एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली नांदतात. पण मराठीच्या विद्यार्थ्याने चित्रशाळेत पाऊल टाकावे किंवा चित्रकलेच्या विद्यार्थ्याने मराठीच्या वर्गात बसावे, असे कोणतेही वेळापत्रक सांगत नाही. शालेय वयात एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिलेले कितीतरी विद्यार्थी कला शाखेत येतात. तेथून पुढे त्यांच्या हाताला रेषा अशी उरत नाही.

अशा परिस्थितीत उन्हाळ्याच्या सुटीत चित्रकला व लेखन यांचा संयुक्त वर्ग घेण्याची कल्पना आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. एप्रिल-मे महिन्यांत वर्गखोल्या रिकाम्या असतात आणि विषयांच्या भिंती थोड्या सैल झालेल्या असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने २०२३ मध्ये स्वीकारलेल्या श्रेयांक आराखड्यात कौशल्याधारित व सहशालेय अभ्यासक्रमांना जागा मिळाल्याने प्रशासकीय सोयही झाली आहे. प्रश्न आहे तो अशा वर्गाच्या स्वरूपाचा.

सर्वत्र दिसणारा नमुना असा : सकाळच्या सत्रात निसर्गचित्र किंवा सुलेखन, दुपारी काव्यलेखन, आणि अखेरच्या दिवशी प्रदर्शन व कविसंमेलन. यात दोन छंदवर्ग एका निमंत्रणपत्रिकेवर एकत्र येतात, एवढेच. चित्राला कवितेची ओळ मिळते, कवितेला कडेची वेलबुट्टी मिळते. या देवघेवीत दोन्ही बाजू एकमेकींची सजावट करतात. दोहोंपैकी कोणालाही दुसरीमुळे आपली पद्धत बदलावी लागत नाही. सुंदर अक्षरात काढलेले सुविचार हे या नमुन्याचे सर्वांत लोकप्रिय फळ होय. ते भिंतीवर शोभते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यातून पाहण्याचे किंवा लिहिण्याचे शिक्षण झाले, असे म्हणणे कठीण आहे.

मराठीत याहून वेगळी वाट दाखविणारी उदाहरणे आहेत, आणि त्यांपैकी एक नागपूरशी संबंधित आहे. द. ग. गोडसे यांचे शालेय शिक्षण सावनेरला व महाविद्यालयीन शिक्षण काही काळ येथील मॉरिस कॉलेजात, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्थेत झाले. पुढे लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये चित्रकला शिकलेल्या या नेपथ्यकाराने ‘पोत’ हा विणकराच्या आणि चित्रकाराच्या हातातला शब्द समीक्षेत आणला व १९६३ च्या पुस्तकाला तेच नाव दिले. मराठी समीक्षेची बरीचशी परिभाषा संस्कृत काव्यशास्त्रातून किंवा इंग्रजीच्या भाषांतरातून आलेली आहे. बोटांनी चाचपून पाहिलेला शब्द तिच्यात क्वचित आढळतो.

मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत जास्त शिकविणारा ग्रंथ प्रभाकर बरवे यांचा ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हा आहे. १९५९ मध्ये सर ज. जी. कलाशाळेतून पदविका घेतलेल्या बरव्यांनी विणकर सेवा केंद्रात दीर्घकाळ नोकरी केली. त्यातील प्रारंभीची काही वर्षे वाराणसीत गेली. त्यांच्या उत्तरकालीन चित्रांत सपाट रंगक्षेत्रावर पान, घड्याळ, ढग, फळ अशा साध्या वस्तू एकमेकींपासून अंतर राखून ठेवलेल्या असतात. यथादर्शनाचे नियम त्यांना बांधून ठेवत नाहीत. वस्तू ओळखीची, पण तिचा शेजार अनोळखी, अशी ही मांडणी आहे. चित्र काढण्यासोबत बरवे वर्षानुवर्षे दैनंदिनी लिहीत राहिले आणि तिच्यात टिपणे व रेखाटने शेजारी शेजारी येत राहिली. ‘कोरा कॅनव्हास’ची मुळे या सवयीत आहेत.

हे पुस्तक चित्रकाराने आपल्या चित्रांचे स्पष्टीकरण देण्यासाठी लिहिलेले नाही, ही गोष्ट अध्यापकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. कोणत्या चित्राचा अर्थ काय, हे शोधण्यासाठी ते उघडणाऱ्या वाचकाची निराशाच होईल. रिकाम्या पृष्ठभागासमोर उभे राहिल्यावर काय घडते, आकार कोठून येतो, वस्तूचे नाव बाजूला ठेवून वस्तूकडे पाहता येते काय, या प्रश्नांचा तेथे माग काढला आहे. येथे लेखन हे चित्रानंतरचे काम उरत नाही. जे रेषेने विचारता येत नाही ते वाक्याने विचारायचे, आणि वाक्य अडले की पुन्हा रेषेकडे जायचे, असा हा क्रम आहे. भाषाही परिभाषेच्या ओझ्याने वाकलेली नाही. चित्रकला महाविद्यालयात सिद्धान्ताच्या प्रश्नपत्रिकेसाठी जी तयार उत्तरे पाठ केली जातात, त्यांच्या शेजारी या गद्याचे एक पान ठेवले तरी फरक कळतो. तो फरक प्रतिभेचा आहे, असे म्हणून विषय मिटविणे सोपे आहे. पण त्यात रोजच्या सवयीचा वाटाही मोठा आहे, आणि सवय शिकविता येते.

अरुण कोलटकर यांच्या बाबतीत हीच गोष्ट उलट दिशेने पाहता येते. ज. जी.मध्ये शिकलेला आणि जाहिरातक्षेत्रात संकल्पनकार म्हणून वावरलेला हा कवी पानाकडे चित्रकाराच्या नजरेने पाहतो. ‘जेजुरी’ (१९७६) या इंग्रजी संग्रहात शेतात नाचणाऱ्या कोंबड्यांचे दृश्य आहे. तेथे वर-खाली होण्याचे वर्णन न करता कवीने वर व खाली या अर्थाचे शब्दच पानावर उड्या मारत असल्यासारखे मांडले आहेत. ही क्लृप्ती म्हणून पाहिली तर लहान वाटेल. पण शब्दाला पानावर जागा असते, वजन असते, हे भान साहित्याच्या वर्गात सहसा दिले जात नाही. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांचे नाव येथे घ्यावयास हवे. संगणकावर मराठी टंकलेखन करणाऱ्या बहुतेक प्राध्यापकांनी कधी ना कधी वापरलेला ‘मंगल’ हा टंक त्यांच्या संकल्पनातून आला. विभागाची इतिवृत्ते ज्या अक्षरांत छापली जातात ती एका कवीने रेखलेली आहेत, ही माहिती मराठीच्या किती वर्गांत सांगितली जाते, हे विचारण्यासारखे आहे.

वरील सर्व उदाहरणे व्यक्तींची आहेत. संस्थेने असे काही करता येते काय, याचे उत्तर नागपूरपासून फार दूर नाही. वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम आखला, त्यात मातृभाषेबरोबर चित्रकलेलाही स्थान होते. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तेथे कलाशिक्षक राहिले. चित्रे काढावीत, मातीची भांडी घडवावीत, मुलांना शिकवावे आणि ‘नई तालीम’ या नियतकालिकाचे संपादन करावे, हे सारे एकाच माणसाने केले. ‘बच्चों की कला और शिक्षा’ (१९५९) हे त्यांचे हिंदी पुस्तक या अनुभवातून उभे राहिले. त्याच विषयावरील त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात कलेला शिक्षणाचा पाया म्हटले आहे. पाया आणि जोडविषय यांत जे अंतर आहे, तेच सेवाग्राम आणि आजचा छंदवर्ग यांत आहे. सेवाग्रामचा प्रयोग शाळेचा होता, हे मान्य करावे लागते. महाविद्यालयाने त्याकडे पाहिले नाही, हेही तितकेच खरे.

महाविद्यालयीन पातळीवरील उदाहरणासाठी अमेरिकेकडे वळावे लागते. नॉर्थ कॅरोलिनात १९३३ मध्ये सुरू झालेल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात जर्मनीतील बाउहाउसमधून आलेले योझेफ आल्बर्स रेखाटन शिकवीत. चित्रकार होऊ न इच्छिणाऱ्यांनीही त्या वर्गात बसावे, कारण तो पाहण्याचा वर्ग आहे, अशी तेथील धारणा होती. १९४४ पासून तेथे उन्हाळी कलासत्रे भरू लागली; १९४८ च्या सत्रात संगीतकार जॉन केज, नर्तक मर्स कनिंगहॅम, चित्रकार विलेम डी कूनिंग आणि अभिकल्पक बकमिन्स्टर फुलर एकत्र होते. पुढे कवी चार्ल्स ओल्सन यांच्या काळात संस्थेचा कल लेखनाकडे वळला व १९५४ पासून तिचे वाङ्मयीन नियतकालिकही निघाले. १९५७ मध्ये पैशाअभावी कॉलेज बंद पडले. या इतिहासाचे गोडवे गाताना त्याचा शेवट विसरता येत नाही. तेथे सुटसुटीत वेळापत्रक नव्हते, वसतिगृह व शेत सर्वांनी मिळून चालवायचे होते. विनाअनुदानित तुकडीच्या हिशेबात बसणारे त्यात काहीच नाही. घेण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती खर्चिक नाही : सर्वांनी रेखाटायचे व सर्वांनी लिहायचे.

ही अट नागपुरात लावून पाहता येते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो, म्हणून वर्ग सकाळी साडेसहाला सुरू व्हावा व दहापूर्वी संपावा. विषय एकच असावा आणि तो दोन्ही साधनांनी हाताळला जावा. उदाहरणार्थ, रामटेकच्या लक्ष्मण मंदिरातील यादवकालीन शिलालेख. झिजलेले अक्षर वाचण्याआधी त्याची रेषा हाताने उतरवावी लागते. उतरविताना ज्या शंका येतात त्या लिहून ठेवल्या की परिच्छेद आपोआप तयार होऊ लागतो. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयातील, म्हणजे अजब बंगल्यातील, एखाद्या मूर्तीपुढे तीन सकाळी बसता येईल. महालातील चितार ओळ तर या वर्गासाठीच वसली असावी, असे वाटते. गणेशोत्सवाच्या बऱ्याच आधीपासून तेथे मूर्तिकामाची तयारी सुरू होते. मूर्तीच्या डोळ्यांना जी आखणी म्हणतात, ती पाहून रेखाटणाऱ्या विद्यार्थ्याला कारागिराच्या तोंडचे शब्दही टिपावे लागतील, आणि त्यांतील काही त्याच्या शब्दकोशात नसतील.

यावर एक आक्षेप रास्त आहे. रेखाटनाचा हात काही आठवड्यांत तयार होत नाही. साहित्याचा विद्यार्थी कच्ची चित्रे काढील, चित्रकलेचा विद्यार्थी कच्चे गद्य लिहील, मग लाभ कोणाचा? पण कच्चेपणाचा उपयोगच येथे आहे. ज्याला वाक्य सहज येते तो वाक्यावर विसंबून न पाहता लिहितो. ज्याला रेषा सहज येते तो शैलीवर विसंबून न पाहता रेखाटतो. जेथे हात अडतो तेथेच पाहणे सुरू होते. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि तो अध्यापकाविषयी आहे. वर्गात विद्यार्थ्यांबरोबर बसून, त्यांच्यासमोर वाईट चित्र काढण्याची तयारी भाषेच्या किती प्राध्यापकांची असेल? चित्रकलेच्या अध्यापकाने आपला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखविण्याची? दोघे आळीपाळीने तास घेऊन निघून गेले, तर सकाळी चित्रे आणि दुपारी कविता हाच जुना नमुना पुन्हा अवतरेल.

मूल्यमापनाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिक अभ्यासक्रमाला साठ तास लागतात आणि त्याचे गुण शेवटी द्यावेच लागतात. चित्राला पंचवीस, लेखनाला पंचवीस अशी वाटणी केली की वर्ग मध्यभागी दुभंगला असे समजावे. विद्यार्थी ज्यात बरा आहे तेवढेच करील. त्यापेक्षा प्रत्येकाने एकच वही ठेवावी, तिच्यात रेखाटन व टिपण यांची पाने वेगळी करू नयेत आणि खोडलेली रेषा व खोडलेले वाक्य पुसून टाकू नये. मराठीचा व चित्रकलेचा असे दोन्ही परीक्षक एका टेबलाशी बसून ती वही पाने उलटत पाहतील. गुणपत्रिकेतील रकाना एकच असेल, त्यामुळे आकडा ठरविण्यापूर्वी त्यांना एकमेकांशी बोलावे लागेल, आणि त्या रकान्याखाली सह्या दोघांच्याही असतील.